खटका

शाळेच्या ओसरीत रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला आहे. त्यावर जाडजूड बोल्ट आपटला की शाळा भरते, मधली सुट्टी होते, शाळा सुटते. बोल्ट आपटायचं काम शिपाईमामांचं. खुर्चीतून उठायचं, चार पावलं चालायचं आणि हात उचलायचा, एवढीच काय ती मेहनत.

आठवीतल्या नऊ मुलांनी मामांना न उठवता हा टोल द्यायचं मनावर घेतलं. त्याला सहा आठवडे लागले.

कृष्णाकाठच्या त्या शाळेत मी पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसारा मांडलेला: उभा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप, रॉकेलचं नरसाळं, आढ्याला टांगलेलं सायकलचं पुढचं चाक, शिवणयंत्राची रिकामी रिळं, साबणाची वडी, एक वरवंटा. वरवंट्याशेजारी खडूनं लिहिलेलं, ‘हात लावू नये’. एका मुलानं पाइपाच्या तोंडाशी गोटी धरली होती.

“सोडू?”

“सोड!” आठ आवाज.

गोटी घरंगळली, नरसाळ्यात दोन गिरक्या घेऊन खाली गेली, फूटपट्टी कलली, वाळूचा डबा खाली यायला लागला, चाक फिरलं. अर्ध्यावर थबकलं. मग सावकाश, जरा लाजल्यासारखं, उलटं फिरून जागेवर आलं. नऊच्या नऊ जण एकदम बोलायला लागले. त्या गलक्यातून लाल रिबिनवाल्या मुलीचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू आला: “खटकाच उडला नाय.”

पुढचे तीन शनिवार हा शब्द माझ्या कानावर सतत पडत होता. बंदुकीला खटका असतो, उंदराच्या सापळ्याला असतो. आमच्याकडं विजेच्या बटणालाही जुनी माणसं खटकाच म्हणतात. या मुलांच्या भाषेत खटका म्हणजे एका टप्प्यानं पुढच्याला जागं करायची जागा. गोटी फूटपट्टीवर आदळते तो एक खटका, फूटपट्टी टाचणी ओढते तो दुसरा. असे एकूण चौदा. आणि खटका उडणं म्हणजे भांडण होणं, हाही अर्थ मराठीत आहेच. दोन्ही प्रकारचे खटके मी तिथं पाहिले. ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी उडत.

सुरुवात मात्र अगदी पुस्तकी होती. साधी यंत्रं मुलांनी सहावीत घोकलेली असतात. तरफेचे तीन प्रकार: टेकू मधे असेल तर पहिला, भार मधे असेल तर दुसरा, बल मधे असेल तर तिसरा. कात्री, अडकित्ता, चिमटा. उदाहरणंसुद्धा पाठ. बाईंनी आठवीत सहज विचारलं, तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. मग त्यांनी खरा अडकित्ता टेबलावर ठेवला आणि टेकू दाखवायला सांगितलं. चौघांनी सुपारीकडं बोट दाखवलं.

त्यावर बाईंनी घरातली यंत्रं शोधून आणायला सांगितली. प्रकल्प म्हटलं की चार्टपेपर, थर्माकोल आणि दुकानातून छापील चित्रांचा कागद, अशी आपल्याकडची रीत. रात्री अकरा वाजता आईबाप डिंक लावत बसतात. बाईंचा नियम एकच होता: विकत काही आणायचं नाही. मुलांनी आणलेल्या यादीत विळी होती, पहार होती, जातं होतं. जात्याचा खुंटा कडेला का असतो, मधे का नसतो, यावर एक तास गेला, आणि तो फुकट गेला असं मला तरी वाटत नाही. खुंटा आसापासून जितका लांब तितकं दळणं हलकं. पण हाताला फिरावंही तितकंच जास्त लागतं. मुलींपैकी एकीच्या घरी अजून जात्यावर डाळ भरडतात. तिला हे सूत्र माहीत नव्हतं, खांद्याला माहीत होतं.

यादीत एका मुलानं ‘मोट’ लिहिलं होतं. पाहिलेली कुणीच नव्हती. त्याचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. ते शाळेत आले आणि मैदानात काठीनं विहीर काढून बसले. मी हजर नव्हतो, पण बाईंनी फोनवर टिपलेलं चित्रण पाहिलं. या सगळ्या उद्योगातला माझ्या मते हा सर्वांत मोलाचा भाग.

मोटेचं चाक म्हणजे एक स्थिर कप्पी. पुस्तक सांगतं, स्थिर कप्पीनं बळ वाचत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. मुलांनी आजोबांना तसं सांगितलंही. आजोबांनी काठीनं विहिरीपासून दूर जाणारी रेघ ओढली आणि ती उताराची असल्याचं हातानं दाखवलं. ही धाव. भरलेली मोट वर येते तेव्हा बैल उतारानं खाली जात असतो. “त्याचं अंगच वढतंय की, त्यो कशाला वढतोय,” आजोबा म्हणाले. परत येताना बैलाला मागं सरत चढ चढावा लागतो, पण तेव्हा मोट रिकामी असते. म्हणजे कप्पीनं जे दिलं नाही ते उतरणीनं दिलं. एकच माणूस, एकच बैलजोडी, आणि दोन साधी यंत्रं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी.

पण मुलं उठून उभी राहिली ती पुढच्या गोष्टीला. चामड्याच्या मोटेला खाली सोंड असते. मोटेच्या तोंडाला जाड नाडा बांधलेला, तो वरच्या चाकावरून येतो. सोंडेला वेगळा बारीक दोर, तो खाली, विहिरीच्या काठावरच्या लाकडी लाटेवरून. दोन्ही दोर त्याच बैलांना. वर येताना सोंड दुमडून मोटेच्या तोंडाच्या उंचीला राहते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंडेचा दोर तिला लाटेवरून बाहेर ओढतो, तोंड मात्र वरच्या चाकाकडं चढत राहतं. सोंड थारोळ्यात सरळ होते आणि मोट आपोआप रिती. तिथं कुणी माणूस लागत नाही. सारं काम दोन दोरांच्या लांबीतल्या फरकाचं. तो चुकला तर पाणी परत विहिरीत.

“म्हणजे खटका,” चित्रणात एक आवाज येतो. शब्द तिथून सुरू झाला.

या उद्योगाचं एक टोक मोटेपाशी, तर दुसरं अमेरिकेत आहे. बाईंनी मुलांना रूब गोल्डबर्गचं एक व्यंगचित्र दाखवलं. १८८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा माणूस बर्कलीला अभियांत्रिकी शिकला, १९०४ मध्ये पदवी घेऊन शहराच्या पाणी आणि सांडपाणी खात्यात लागला, आणि काही महिन्यांतच ती नोकरी सोडून वर्तमानपत्रात चित्रं काढू लागला. त्याच्या चित्रांत प्रोफेसर ल्युसिफर गॉर्गॉन्झोला बट्स नावाचे गृहस्थ साध्या कामांसाठी भयंकर यंत्रं शोधून काढतात. १९३१ मधलं सर्वांत गाजलेलं चित्र जेवताना तोंड पुसणाऱ्या रुमालाचं. सूपचा चमचा उचलला की दोरी ताणते, पळी उडते, बिस्किट पोपटासमोरून जातं, पोपट झेपावतो, त्याची दांडी कलते, दाणे बादलीत सांडतात, बादलीच्या वजनानं लायटर पेटतो, अग्निबाण उडतो, त्याला बांधलेला विळा दोरी कापतो आणि रुमाल लंबकासारखा झुलून हनुवटी पुसतो. त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टर कोशात ‘रूब गोल्डबर्ग’ हे विशेषण म्हणून दाखल झालं. आपल्याकडं त्यासाठी कोश उघडायची गरज नाही. द्राविडी प्राणायाम हा शब्द तयारच आहे. नाक समोरून धरायचं सोडून डोक्यामागून हात फिरवून धरणारा माणूस आपण प्रोफेसर बट्सच्या कितीतरी आधीपासून ओळखतो.

गोल्डबर्ग स्वतः कागदावरच थांबला. खरी यंत्रं बांधायची चढाओढ इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात १९४९ मध्ये सुरू झाली, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या दोन मंडळांत. १९५५ मध्ये ती बंद पडली, १९८३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८८ पासून राष्ट्रीय पातळीवर गेली. २०१२ मध्ये पर्ड्यूच्याच चमूनं तीनशे टप्प्यांचं यंत्र बांधून शेवटी एक फुगा फुगवला आणि फोडला. हे ऐकून आमच्या ओसरीतल्या एकानं बाईंना विचारलं, “तीनशे? आणि मग टोल?” फुगा हे ध्येय त्याला फारच किरकोळ वाटलं होतं.

इथं एक गंमत आहे. साधं यंत्र माणसाचं काम सोपं करण्यासाठी असतं. ही साखळी सोपं काम अवघड करण्यासाठी. आणि तरीही पहिलं खऱ्या अर्थानं कळतं ते दुसरं करताना. सायकलच्या चाकाचंच घ्या. मुलांना एक घट्ट बसलेली पाचर ओढून काढायची होती. वाळूचा डबा होता शंभर ग्रॅमचा. चाकाची रिम साठ सेंटिमीटर व्यासाची, मधला हब चार सेंटिमीटरचा. रिमवरून डबा सोडला आणि हबला दोरी गुंडाळून पाचरीला बांधली तर ओढ पंधरापट, म्हणजे दीड किलोच्या वजनाइतकी. हिशेब वहीत चोख होता. पण पाचर पाच सेंटिमीटर सरकवायची तर डब्यानं पंच्याहत्तर सेंटिमीटर खाली यायला हवं, आणि खाली होता बाक. डबा बाकावर टेकला की चाक थांबायचं. बळात मिळवलेलं अंतरात चुकवावं लागतं, हे गॅलिलिओनं चारशे वर्षांपूर्वी यंत्रांवरच्या आपल्या लिखाणात बजावून ठेवलं आहे. या मुलांना ते बाकानं सांगितलं.

बाक हलवला, तरी चाक उलटं फिरायचंच. मी पाहिलेली ती फसगत या दुसऱ्या रोगाची होती. दोन दिवस गेले. शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानात शनिवार-रविवार बसणाऱ्या मुलाच्या लक्षात आलं, की चाकाची व्हॉल्व्हची बाजू जड असते. मोकळं सोडलं की ती खाली येऊन थांबते. डबा ओढत असताना व्हॉल्व्ह वर चढत होता. त्यानं समोरच्या बाजूला तारेचा तुकडा गुंडाळला, हबला ग्रीस लावलं, डब्यात आणखी पन्नास ग्रॅम वाळू ओतली. पाचर निघाली.

पाचरीचं खातं सुताराच्या नातवाकडं होतं. लाकडाच्या फटीत पाचर ठोकून फळी धरायची, फळीवर वरवंटा ठेवायचा. पाचर निघाली की फळी कलते आणि वरवंटा गडगडतो. बाईंनी त्याला पंचतंत्रातल्या माकडाची गोष्ट सांगितली, अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटणाऱ्या. त्यानं ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, माकडानं दोरी बांधून लांबून ओढायला हवी होती.

वरवंट्यापुढं पडणाऱ्या वस्तूंची रांग. ठोकळ्यांची ही रांग कशी वाढते, यावर लोर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये एक छोटासा लेख लिहिला होता: प्रत्येक ठोकळा स्वतःपेक्षा दीडपट मोठा ठोकळा पाडू शकतो. पाच मिलिमीटरपासून सुरुवात केली तर तेरावा ठोकळा पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास जातो. ही जोर वाढवायची जादू नाही. उभा ठोकळा म्हणजे कुणीतरी आधीच उचलून ठेवलेलं वजन. त्याला फक्त तोल ढळण्यापुरता धक्का हवा असतो. मुलांच्या सगळ्या साखळीचं मर्म यात आहे. गोटीची ताकद टोलापर्यंत पोचतच नाही, ती तिसऱ्या टप्प्यालाच संपते. पुढं प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी ताणून, उचलून, टेकवून ठेवलेलं असतं आणि ते सुटायची वाट पाहत असतं. वाळूचा डबा, फळीवरचा वरवंटा, उभी पाटी.

ठोकळे विकत आणायचे नव्हते. म्हणून रांग अशी: खोडरबर, काडेपेटी, साबणाची वडी, कंपासपेटी, वही, पाटी, फळी. रिकामी काडेपेटी पडायची पण साबणाला हलवायची नाही, म्हणून तिच्यात वाळू भरली. वही उभी राहायची नाही, तिला पुठ्ठा शिवला. कंपासपेटी कुणाची घ्यायची यावर जो खटका उडाला तो मी इथं लिहीत नाही.

याच रांगेशी माझाही संबंध आला. दुसऱ्या शनिवारी वाकून टिपण घेताना खांद्यावरची पिशवी पाटीला लागली आणि फळीसकट सगळं आडवं झालं. मी घाईनं उचलायला गेलो. “राहू द्या सर, आम्ही लावतो,” लाल रिबिनवाली म्हणाली. स्वरात आदर होता, आणि मी पुन्हा तिथं फिरकू नये अशी स्पष्ट इच्छाही. तिसऱ्या शनिवारी मला खिडकीत बसायला जागा दिली गेली.

प्रत्येकानं आपापला टप्पा पक्का केला होता. एकेकटं चालवलं की दहातल्या नऊ वेळा चालायचं. तरी अख्खं यंत्र आठवड्यात एकदाच शेवटपर्यंत गेलं. “माझं चालतंय बाई, ह्याचंच अडतंय,” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं, की अडणारा कोण याचा पत्ता लागेना. मग बाईंनी गणित घातलं. दहात नऊ म्हणजे शून्य दशांश नऊ. चौदा खटके, म्हणून त्याचा चौदा वेळा गुणाकार करा. कॅलक्युलेटर चेपले गेले. शंभरात तेवीस. कुणाचाही दोष नसताना चारातल्या तीन वेळा फसणार. प्रत्येक खटका शंभरात पंच्याण्णव वेळा चालला तर यंत्र निम्म्या वेळा चालेल. नव्याण्णव वेळा चालला तर सत्त्याऐंशीपर्यंत जाईल. वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही.

त्यानंतर बाईंनी एक बारीकशी गोष्ट केली. आतापर्यंत फरशीवर टप्प्यांपुढं खडूनं नावं लिहिलेली होती. ती पुसून त्यांनी नावं खटक्यांपुढं लिहिली, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन. गोटी मळसूत्री नळीतून बाहेर पडते ती कधी डावीकडं, कधी उजवीकडं. नळीवाला म्हणायचा फूटपट्टी सरकव, फूटपट्टीवाली म्हणायची नळी नीट धर. आता दोघांनाही एकाच जागेसमोर बसावं लागलं. त्यांनी नळी सरळ करायचा नाद सोडला आणि फूटपट्टीच्या टोकाला दह्याचा रिकामा डबा चिकटवला. गोटी कुठूनही येवो. नरसाळ्याची युक्तीही हीच. देणाऱ्याचा नेम सुधारण्यापेक्षा घेणाऱ्याचं तोंड रुंद करणं स्वस्त पडतं, हे कारखान्यातल्या माणसांना माहीत असतं. अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत अभियंता होते; १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून आकार करायची युक्ती त्यांनी काढली. बाई एका प्रशिक्षणात ती शिकल्या होत्या. त्याही खेळात काडी कुणीही आणतं. जीव असतो तो रबराच्या इवल्या सांध्यात.

शेवटचा टप्पा लाल रिबिनवालीचा. बोल्ट नायलॉनच्या दोरीनं मागं ओढून बांधलेला. फळी पडली की पेटती उदबत्ती कलंडून दोरीवर टेकते, दोरी वितळत तुटते, बोल्ट झुलतो, टोल. शेजारी पाण्याची बादली. सुती दोरी पावसाळ्यात दमट होऊन नुसती धुमसायची, म्हणून नायलॉन. मी विचारलं, सरळ फळीलाच दोरी बांधली तर? उदबत्तीमुळं अर्धं मिनिट वाया जातं. ती म्हणाली, “तेवढा वेळ सगळ्यांना वाटतं बंद पडलं. मग वाजतं.” पर्ड्यूच्या तीनशे टप्प्यांत असा एखादा होता की नाही कोण जाणे, माझ्या मते गोल्डबर्गला हा आवडला असता.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मुलं रुळाचा तुकडा घेऊनच गेली. त्या दिवशी शाळेत मामांनी थाळी वाजवली. प्रदर्शनाचा हॉल नवा होता, फरशी आरशासारखी. ओसरीतल्या खरखरीत शहाबादीवर मान टाकून पडणारी काडेपेटी इथं उभीच्या उभी घसरायची. गोणपाट शोधून अंथरण्यात तास गेला. चाक टांगायला आढं नव्हतं. दोन बाकांवर बांबू आडवा टाकला. वर पंखा गरगरत होता आणि तो बंद करायचं बटण कुणालाच सापडत नव्हतं.

परीक्षक तिघं. शेजारच्या टेबलावर इंजेक्शनच्या सिरिंजांवर चालणारा जेसीबी होता, त्याचं कौतुक करून ते इकडं वळले. हातातल्या तक्त्यात ‘उपयुक्तता’ असा रकाना.

“याचा उपयोग काय?”

मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. सुताराचा नातू म्हणाला, “मामांना उठावं लागत नाही.”

तिघंही हसले. वेळ तीन मिनिटं. पहिल्यांदा गोटी सोडली, ती पाइपाच्या सांध्यावरून उडून जेसीबीखाली गेली. दुसऱ्यांदा फूटपट्टी, डबा, चाक, पाचर, सगळं सुरळीत; वरवंटा गडगडला, खोडरबर ते फळी पत्त्यांसारखं आडवं झालं, उदबत्ती दोरीवर टेकली. आणि शांतता. पंख्याच्या वाऱ्यात उदबत्तीच्या टोकावर राख धरली होती. पाच सेकंद, दहा, वीस. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. “चांगला प्रयत्न आहे,” त्यातले एक म्हणाले, तक्त्यात काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडं, ज्वालामुखीकडं वळले.

मुलं हलली नाहीत. लाल रिबिनवालीनं ओठांवर बोट ठेवलं. दोरीचा एक पदर सुटला, मग दुसरा.

टोल असा पडला की हॉलच्या काचा थरथरल्या. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जेसीबीवाली मुलं उठली, ज्वालामुखीवाली उठली, पाठोपाठ सगळा हॉल डबे घेऊन दाराकडं निघाला. एक परीक्षकही चार पावलं गेले आणि परत येऊन घड्याळ कानाला लावून पाहू लागले. सव्वाअकरा वाजले होते. मोकळ्या झालेल्या हॉलमध्ये आठ जण गुडघ्यांवर बसून साबण, वही, पाटी पुन्हा उभी करत होते आणि नववा जेसीबीच्या टेबलाखाली शिरून गोटी शोधत होता.